सतरंजी कोण झटकतं?

आमच्या लिंबागणेशमध्ये कुणाच्या घरी जाऊन ‘कार्पेट आहे का’ विचारलंत तर बहुतेक जण नाहीच म्हणतील. ‘अंथरायला काहीतरी आणा’ म्हणालात, तर मात्र चार वस्तू बाहेर येतील. रोज बसायला सतरंजी, मोठ्या कार्यक्रमाला जाजम, थंडीत आणि रानात घोंगडी, आणि शेंगा किंवा तूर वाळवायला पोती उसवून शिवलेलं तळवट. चारही जमिनीवर अंथरायच्याच वस्तू. पण प्रत्येकीचा धागा वेगळा, त्यामुळे निगाही वेगळी. ती निगा कोण राखतं, हा प्रश्न आमच्या घरात दोन वर्षांपूर्वी अचानक पुढे आला. कारण होतं आईचा श्वास.

मी पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. दिवसभर एसीत बसून स्क्रीनकडे बघणं हे माझं काम. आई-आण्णा गावी असतात, आजीही. मांजरसुंब्याहून पाटोद्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, बालाघाटाच्या डोंगररांगेत आमचं गाव आहे. भालचंद्र गणपतीमुळे बाहेरच्यांना ते माहीत असतं. आम्हाला ते धुळीमुळेही माहीत आहे. उन्हाळ्यात वारं सुटलं की रानातली माती घरात येते. दिवाळीच्या आसपास सोयाबीनची मळणी सुरू झाली की भुसकट हवेत तरंगत राहतं. आईला रात्री खोकल्याची उबळ यायला लागली, छातीतून शिट्टीसारखा आवाज यायला लागला, तेव्हा बीडच्या एका डॉक्टरांनी पंप लिहून दिला. वर सांगितलं, “घरातली धूळ कमी करा. गालिचे, सतरंज्या, जड पडदे काढूनच टाका.”

पडदे निघाले. सतरंजी निघाली नाही.

“माणसं आल्यावर काय फरशीवर बसवू का?” आई म्हणाली. तिच्या दृष्टीनं विषय तिथंच संपला.

हा हट्ट समजून घ्यायला आमच्या सतरंजीचा एक कोपरा बघावा लागेल. तिथं ऑइलपेंटनं आजोबांच्या नावाची अक्षरं काढलेली आहेत. गावात सतरंज्यांवर नाव टाकावंच लागतं, कारण सतरंजी एका घराची राहत नाही. साखरपुडा असो की कुणाच्या घरी भेटायला येणाऱ्यांची रीघ लागलेली असो, गल्लीतल्या दहा घरांच्या सतरंज्या एका अंगणात जातात. न लिहिलेला एक नियमही आहे, की परत देताना झटकून, घडी करून द्यायची. आजी अजून एक गोष्ट सांगते. तिच्या तरुणपणी सतरंजी सगळ्यांसाठी नसायची. काही माणसांना ओट्याखाली पोतं टाकून दिलं जायचं, काहींना तेही नाही. आज आमच्या दारात येणारा प्रत्येक जण त्याच सतरंजीवर टेकतो. भांडण मिटलं की आपण ‘एका जाजमावर आले’ म्हणतो, ते उगाच नाही. त्यामुळे आईला सतरंजी गुंडाळून माळ्यावर टाक म्हणणं म्हणजे तिला दार लावून घे म्हणण्यासारखं होतं.

मग उरला एकच मार्ग. सतरंजी ठेवायची, धूळ काढायची.

मी इंजिनिअरसारखा विचार केला: आधी मोजू. बॅग तोलायचा वजनकाटा घेतला. आमची सहा बाय नऊ फुटांची सतरंजी कोरडी असताना साडेचार किलो भरली. भिजवून, पाणी निथळू दिल्यावर बारा किलोच्या पुढे. हे ओझं आई इतकी वर्षं एकटी उचलत होती. त्यात उन्हाळ्यात पाण्याची बोंब. टँकर येणार की नाही याची वाट बघणाऱ्या घरात दर आठवड्याला सतरंजी धुणं शक्यच नव्हतं.

आजीनं माझा वजनकाटा बघितला आणि म्हणाली, “पाणी कशाला पायजे? धुळीवर पाणी टाकलं की चिखल होतो. आधी हाणायचं, मग झाडायचं, धुणं लई शेवटी.”

आजीचं हे वाक्य मला तंतोतंत पटलं. धुळीत मातीचे आणि वाळूचे टोकदार कण असतात. ते धाग्यांच्या मुळाशी जाऊन बसतात आणि वरून पाय पडला की धागा कापत राहतात. सतरंजी फाटते ती वापरानं कमी आणि आत साठलेल्या कणांनी जास्त. ते कण कोरडे असतानाच सहज सुटतात. ओले झाले की चिकटतात.

लंडनमध्ये 1901 साली ह्यूबर्ट सेसिल बूथ नावाचा अभियंताही याच अडचणीवर काम करत होता. त्यानं एक यंत्र बघितलं होतं, ते हवा फुंकून धूळ उडवायचं. धूळ उडायची आणि पुन्हा तिथंच बसायची. बूथला वाटलं, फुंकण्याऐवजी ओढून घेतली तर? त्यानं बनवलेला व्हॅक्यूम क्लीनर इतका मोठा होता की तो घोडागाडीवर रस्त्यात उभा राहायचा आणि लांब नळ्या खिडक्यांतून घरात जायच्या. 1902 मध्ये सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकाआधी वेस्टमिन्स्टर ॲबीतला गालिचा त्यानंच साफ केला. त्या फुंकणाऱ्या यंत्राचं काम आमच्या घरात कोरडा झाडू करत होता. आई रोज सकाळी वाकून सतरंजीवरून झाडू फिरवायची, धूळ तिच्या नाकाशी यायची आणि अर्ध्या तासानं परत सतरंजीवर बसायची. म्हणजे आजारी माणूसच दुखण्याच्या सगळ्यात जवळ जात होतं.

त्यात डोळ्यांना न दिसणारे डस्ट माइट असतात. ते आपल्या अंगावरून झडणाऱ्या त्वचेच्या कणांवर जगतात आणि हवेतला ओलावा शोषून घेतात. म्हणून पावसाळ्यात ते वाढतात आणि कोरड्या उन्हात त्यांचा निभाव लागत नाही. पण नुसतं ऊन देऊन भागत नाही. त्रास मुख्यतः त्यांच्या विष्ठेच्या कणांचा होतो आणि ते कण माइट मेल्यावरही मागे राहतात. म्हणून आधी ऊन, मग झटकणं. क्रम महत्त्वाचा.

आता आमच्या घरी जे चालतं ते असं. दारात दोन पोती, एक बाहेर, एक आत. रानातून आलेला माणूस चप्पल बाहेर काढतो, पाय धुतो, पुसतो आणि मगच आत येतो. यानंच निम्मं काम हलकं झालं असावं असा माझा अंदाज आहे. आठवड्यातून एकदा सतरंजी अंगणात बाजेवर पालथी टाकायची. तासभर ऊन खाऊ द्यायची. मग मागच्या बाजूनं काठीनं हाणायचं, म्हणजे कण ज्या वाटेनं आत गेले त्याच वाटेनं बाहेर पडतात आणि बाजेच्या विणीतून खाली सांडतात. हाणणाऱ्यानं वाऱ्याकडे पाठ करायची, नाकाला गमछा बांधायचा. पहिल्या वेळी मी बाजेखाली जुनं धोतर अंथरून ठेवलं होतं. त्यावर पडलेली माती चहाच्या कपात भरली, तर कप काठोकाठ भरला.

डागांचंही एक शास्त्र आहे. काही सांडलं तर घासायचं नाही, कोरडं फडकं वरून दाबून टिपायचं. घासलं की डाग पसरतो आणि आत जातो. तेल सांडलं तर त्यावर ज्वारीचं पीठ टाकून ठेवायचं, पीठ तेल ओढून घेतं. हळदीच्या डागाला साबण लावला तर तो लाल होतो. घाबरायचं नाही. साबण धुऊन काढायचा आणि डाग उन्हात ठेवायचा, कारण हळदीचा रंग उन्हात टिकत नाही.

घोंगडीचा कायदा निराळा. ती दख्खनी मेंढीच्या लोकरीची, तिच्या सुताला चिंचोक्याची खळ दिलेली. तिला गरम पाणी आणि पिळणं सोसत नाही, ती आकसते. कसर लागते ती तिलाच, सुती सतरंजीला नाही. त्यामुळे घोंगडी वर्षभर पेटीत पडून राहू द्यायची नाही, मधूनमधून उन्हात काढून झटकायची. आजी घड्यांमध्ये वाळलेला लिंबाचा पाला ठेवते.

आणि एक गालिचाही आहे. भावाच्या लग्नात आहेरात आला होता, मऊ, लालभडक, मशीनवर विणलेला. त्याचा धागा पॉलिप्रॉपिलीनचा, म्हणजे प्लास्टिकचाच. तो पाणी पीत नाही, पण तेल घट्ट धरून ठेवतो. कडक उन्हात रोज टाकला तर धागा ठिसूळ होतो आणि काठीनं बदडला तर मागचा चिकटवलेला थर सुटतो. सतरंजीला जे औषध ते त्याला विष. त्याला व्हॅक्यूम क्लीनर लागतो. तो पुण्याच्या फ्लॅटवर आहे, म्हणून गालिचाही आता पुण्यातच आहे.

हे सगळं ठरवणं सोपं होतं. अवघड प्रश्न होता तो काठी कोणी धरायची हा. आईनं धरायची नाही, हे तर उघड होतं. आजीचं वय झालेलं. मी महिन्यातून एकदा येणार. उरले आण्णा. आमच्याकडे पुरुष माणूस बैल धुतो, ट्रॅक्टर धुतो, पण अंगणात उभं राहून अंथरूण झटकताना सहसा दिसत नाही. मी त्यांना समजावणारं मोठं भाषण मनात तयार केलं होतं. ते वाया गेलं. मी फक्त धुळीनं भरलेला कप त्यांच्यापुढं ठेवला आणि म्हणालो, “आण्णा, एवढं आईच्या छातीत जायलं होतं.” ते काही बोलले नाहीत. पुढच्या रविवारी सकाळी त्यांनी स्वतःच बाज ओढून अंगणात घेतली.

समोरचे काका रस्त्यावरून जाताना थांबले. “काय आण्णा, आज तुमच्यावर पाळी?”

आण्णांनी काठी थांबवली नाही. “धूळ तर आमच्याच पायानं येती की.”

आईचा पंप सुटलेला नाही, आणि तो डॉक्टरांना विचारल्याशिवाय सोडायचाही नाही. मळणीच्या दिवसांत तिला अजूनही त्रास होतो. पण रात्री उठून बसण्याच्या वेळा कमी झाल्या, असं ती सांगते. सकाळचा कोरडा झाडू बंद आहे. माणसं येतात, सतरंजीवर बसतात, चहा पितात.

वर्षातून एकदाचं मोठं धुणं घट बसायच्या आधी असतं. आमच्या भागात नवरात्राच्या तोंडावर घरातली सगळी अंथरुणं-पांघरुणं निघतात, आणि पाऊस झालेला असला तर ओढ्या-विहिरींना पाणीही असतं. गेल्या वर्षी मी सुट्टी काढून गेलो होतो. भिजलेली सतरंजी एका माणसाला पिळता येत नाही. दोघांनी दोन टोकं धरायची आणि उलट दिशांना पीळ द्यायचा. एक टोक मी धरणार होतो, पण आण्णांनी ते आधीच उचललं होतं. दुसऱ्या टोकाला आई होती. ती त्यांना सांगत होती, “जरा जोरानं. आन् सावकाश सोडा, पाणी अंगावर येतंय.”