दोन मात्रा कुठे गेल्या?

घरात वायफायवरचं गाणं मध्येच तुटतं, हा काही लेख लिहिण्याचा विषय नाही असं तुम्ही म्हणाल. मीही तेच म्हणत होते. गाणं तुटलं की ‘परत गेलं वाटतं’ म्हणायचं आणि हातातलं काम पुढे चालू ठेवायचं. घरोघरी असंच होत असेल.

आम्ही बेंगळुरूला जयनगरमध्ये राहतो. गेल्या वर्षी बाबांना अर्धांगवायूचा सौम्य झटका आला आणि त्यांना बेळगावहून इकडे आणलं. वय एक्क्याऐंशी. डावा हात जरा मंद झाला, बोलणं मात्र पूर्वीसारखंच. इथे त्यांना फार ओळखी नाहीत. कानडी उत्तम येतं, त्यामुळे खालच्या वॉचमनशी मैत्री झाली, पण दिवस मोठा असतो. म्हणून मुलाने त्यांच्या खोलीत एक ब्लूटूथ स्पीकर ठेवला, जुना मोबाइल दिला आणि मन्सूर, गंगूबाई, भीमसेन, कुमार अशी सगळी आपल्या बाजूची मंडळी त्यात लावून दिली. बाबा खूश. सकाळी आंघोळ-पूजा झाली की मल्लिकार्जुन मन्सूर सुरू.

दोन-तीन महिन्यांनी स्पीकर बंद दिसायला लागला. विचारलं तर म्हणाले, ‘नको गं, तेच तेच काय ऐकायचं.’ मन्सूरांचा यमनी बिलावल आयुष्यभर ऐकलेल्या माणसाने असं म्हणावं, याचं मला नवल वाटलं. वय झालं, मन लागत नसेल, असा मी माझ्यापुरता अर्थ लावला आणि गप्प बसले. आता त्याची लाज वाटते.

एका रविवारी मीच हट्टाने गाणं लावलं आणि त्यांच्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत बसले. तीनतालातली बंदिश रंगात आली होती. समेच्या अगदी तोंडाशी आवाज गेला. दोन सेकंद काहीच नाही, मग एकदम पुढचंच ऐकू यायला लागलं. मी वैतागून ‘हे काय!’ म्हटलं. बाबा माझ्याकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, ‘तुलाही गेलेलं कळलं काय?’

झालं होतं ते असं. गाणं तुटायचं तेव्हा ते खोलीत एकटे असायचे. आवाज जायचा, यायचा, आणि मधला तुकडा हरवलेला असायचा. त्यांना वाटत होतं, आपल्यालाच भोवळ येते, दोन-दोन सेकंदांची शुद्ध जाते. दवाखान्यातून सोडताना डॉक्टरांनी बजावलं होतं की असं काही झालं तर लगेच सांगा. सांगितलं तर पुन्हा दवाखाना. म्हणून त्यांनी सांगितलं नाही. गाणंच बंद केलं, म्हणजे हरवल्याचं कळायलाच नको.

मी आधी डॉक्टरांची वेळ घेतली. ते करायलाच हवं होतं, आणि तुमच्याकडे असं काही घडलं तर तुम्हीही तेच आधी करा. तपासणीत नवीन काही निघालं नाही. पण बाबांचं समाधान होईना. म्हणाले, ‘कागद बरोबर आहे गं. पण मला दोष कुठे आहे ते बघायचंय.’

इथे एक सांगायला हवं. बाबांची सगळी नोकरी टेलिफोन खात्यात, लाइनवरचे दोष शोधण्यात गेली. त्यांची पद्धत एकच. लाइन मधोमध तपासायची. दोष या अंगाला की त्या अंगाला ते ठरवायचं. मग राहिलेल्या अर्ध्याचं पुन्हा अर्धं. आणि हे सगळं लिहून ठेवायचं. त्यांनी मुलाची अर्धी कोरी वही मागून घेतली.

आमच्या गाण्याची लाइन दोन तुकड्यांची होती. पहिला तुकडा राउटरपासून मोबाइलपर्यंत, वायफायचा. दुसरा मोबाइलपासून स्पीकरपर्यंत, ब्लूटूथचा. आपण दोन्हीला सरसकट ‘नेट गेलं’ म्हणतो, पण दोघांचं तुटणं वेगळं असतं. अॅप पुढचं थोडं गाणं आधीच आणून साठवून ठेवतं. वायफाय अडखळलं आणि हा साठा संपला की गाणं थांबतं, आणि परत आलं की थांबलं तिथूनच सुरू होतं. ब्लूटूथचं तसं नाही. मोबाइल वाजवतच असतो, मधल्या वाटेवर आवाज सांडतो. परत येतं तेव्हा गाणं पुढे निघून गेलेलं असतं.

हा फरक बाबांनी यंत्राशिवाय काढला. मांडीवर हाताने ताल धरायचा आणि आवाज गेला तरी हात थांबवायचा नाही. आवाज परत आल्यावर सम हाताबरोबर पडली, तर गाणं चालूच होतं, मधलं फक्त ऐकू आलं नाही. हात पुढे आणि सम मागून आली, तर गाणं थांबलं होतं. पहिल्या दिवशी वहीत लिहिलं: ‘८.१२, दोन मात्रा गेल्या, सम बरोबर.’ खाली एक रेघ, आणि रेघेखाली: ‘हात चालू होता.’

ती ओळ मी बऱ्याच उशिरा वाचली. आवाज नसताना हात मोजत राहिला, म्हणजे शुद्ध गेली नव्हती. माझ्या आणि डॉक्टरांच्या सांगण्याने झालं नव्हतं ते त्या मोजण्याने झालं.

बाबा म्हणाले, जुना रेडिओ बरा होता. रेडिओ सिलोन लावलं की आवाज लाटेसारखा जायचा यायचा, खरखर व्हायची, शिट्टी वाजायची. बिघाड बाहेर आहे हे त्या खरखरीतूनच कळायचं. या नव्या यंत्रात खरखर नाही. आवाज असतो, नाहीतर कोरी शांतता. कोऱ्या शांततेत माणूस स्वतःवरच संशय घेतो. (रेडिओचा विषय निघाला की ते आणखी एक सांगतातच. ‘आकाशवाणी’ हे नाव आपल्या म्हैसूरचं. मानसशास्त्राचे प्राध्यापक एम. व्ही. गोपालस्वामी यांनी १९३५ मध्ये तिथे स्वतःच्या घरातून रेडिओ केंद्र सुरू केलं, त्याचं हे नाव. हे सांगताना त्यांचा चेहरा असा असतो, जणू केंद्राची वायर यांनीच जोडली.)

दरम्यान आम्ही इंटरनेट कंपनीच्या माणसाला बोलावलं होतं. तो दारातच म्हणाला, ‘प्लॅन वाढवा सार.’ आमचा प्लॅन शंभर एमबीपीएसचा. उत्तम दर्जाच्या गाण्याला लागतात सेकंदाला सुमारे ३२० किलोबिट, म्हणजे आमच्या नळाला एका गाण्याच्या तीनशेपट पाणी येत होतं. बाबा त्याला कानडीत म्हणाले, ‘पाणी भरपूर आहे रे, बादलीपर्यंत पोचत नाही.’ तो हसला आणि राउटर बंद-चालू करून गेला.

मग परीक्षा सुरू झाल्या. एक गाणं मोबाइलमध्ये डाउनलोड करून वाजवलं, म्हणजे वायफायचा तुकडा बाजूला. तरीही तुटलं. दुसऱ्या दिवशी एस. पी. रोडवरून वायर आणली, मोबाइलला जुनी गोल खाच नव्हती म्हणून टाइप-सीचा जोड आणला, आणि स्पीकर वायरने जोडला. दिवसभर एकदाही तुटलं नाही. दोष ब्लूटूथच्या अंगाला होता. मग वायरच ठेवायची ना, असं तुम्ही म्हणाल. बाबा काठी घेऊन चालतात. पलंगापासून टेबलापर्यंत लोंबणारी वायर म्हणजे पडायला निमंत्रण. परीक्षा झाली आणि वायर गुंडाळून ठेवली.

वही आठवड्याची झाली तेव्हा वेळा दिसायला लागल्या. सकाळी आठच्या पुढे, दुपारी एकच्या सुमारास, रात्री साडेआठला. बाबा वही घेऊन स्वयंपाकघरात आले आणि मायक्रोवेव्हपुढे उभे राहिले. त्याच वेळांना आमच्याकडे दूध, भात आणि भाजी गरम होते. मायक्रोवेव्ह भिंतीच्या अलीकडे, बाबांचा स्पीकर पलीकडे.

कारण सोपं आहे. मायक्रोवेव्ह २.४५ गिगाहर्ट्झच्या आसपास चालतो. ब्लूटूथही २.४ च्याच पट्ट्यात, आणि वायफायचा जुना पट्टाही तोच. १९४७ च्या आंतरराष्ट्रीय करारात हा पट्टा कारखाने, विज्ञान आणि वैद्यकीय यंत्रांसाठी सोडला होता. पुढे अमेरिकेने १९८५ मध्ये तो विनापरवाना संदेशवहनाला खुला केला, आपल्याकडे २.४ चा पट्टा २००५ मध्ये परवानामुक्त झाला. थोडक्यात, ही सार्वजनिक गल्ली आहे, कोणीही यावं. मायक्रोवेव्हच्या पेटीतून बाहेर झिरपणारी ऊर्जा आपल्याला अपाय करण्याइतकी नसते, भिऊ नका. पण पेटीच्या आत सातशे-आठशे वॅट चालू असतात आणि मोबाइलचं ब्लूटूथ काही मिलिवॅटवर कुजबुजत असतं. त्या कुजबुजीला एवढी गळतीही पुरते.

ब्लूटूथ तसं हुशार आहे. त्याच्याकडे ७९ बारीक वाटा असतात, सेकंदाला १६०० वेळा ते वाट बदलतं आणि गर्दीच्या वाटा टाळतं. पण सगळीच गल्ली भरली तर टाळून जाणार कुठे? मुलाने मोबाइलवर बघितलं तर बाबांच्या खोलीतून शेजारपाजारची एकतीस वायफायं दिसत होती. स्वल्प अॅडजस्ट माडी म्हणत सगळे एकाच पट्ट्यात.

मग आम्ही काय केलं ते सांगते. सगळ्यात मोठा फरक पडला तो मोबाइलचं वायफाय पाच गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर नेल्याने. एकाच मोबाइलमध्ये २.४ चं वायफाय आणि ब्लूटूथ दोन्ही चालू असली की ती आळीपाळीने बोलतात, बऱ्याचदा अँटेनाही एकच असते. वायफाय दुसऱ्या पट्ट्यात गेलं की ब्लूटूथला मोकळं मिळतं. राउटरमध्ये दोन्ही पट्ट्यांना एकच नाव असेल तर मोबाइल आपल्या मर्जीने कुठेही चिकटतो. आम्ही नावं वेगळी केली आणि बाबांच्या मोबाइलला पाचवालंच दाखवलं. पण पाचचा पट्टा भिंतीला लवकर हार मानतो, आणि आमचा राउटर चपलांच्या कपाटात, टीव्हीच्या मागे दडलेला. दिसायला बरं म्हणून मीच तिथे ठेवला होता. तो बाहेर काढून पॅसेजमध्ये उंचावर लावला. २.४ चा चॅनल ‘ऑटो’ होता, तिथे एक, सहा आणि अकरा यांतला कमी गर्दीचा बघून एक नंबर पक्का केला. हे तीनच एकमेकांच्या अंगावर येत नाहीत. मधला चॅनल घेतला की दोन्हीकडच्या शेजाऱ्यांशी भांडण.

दुसरी गोष्ट इतकी साधी की हसू येतं. बाबा मोबाइल बंडीच्या आतल्या खिशात ठेवायचे आणि खुर्ची खिडकीकडे, म्हणजे स्पीकरकडे पाठ. माणसाच्या शरीरात निम्म्याहून अधिक पाणी आणि पाणी या लहरी शोषून घेतं. मायक्रोवेव्हमध्ये दूध तापतं, ते याच गुणावर. म्हणजे गाणं बाबांच्या अंगातून आरपार जायला बघत होतं. मोबाइल टेबलावर आला आणि दुपारचं तुटणं जवळजवळ संपलं.

वीज जाण्याचा प्रकार वेगळा. आमच्या इमारतीत जनरेटर दहा सेकंदांत सुरू होतो, दिवे येतात, पण राउटरला जागं व्हायला दोन-तीन मिनिटं लागतात. त्याला छोटा यूपीएस लावला. आणि सकाळचं गाणं रात्रीच डाउनलोड करून ठेवायची सवय मुलाने लावून घेतली.

मायक्रोवेव्ह काही हलवता आला नाही. ओटा लहान, प्लग तिथेच. स्पीकर दुसऱ्या भिंतीला नेला, तरी भरलेलं भांडं ठेवलं की एखादवेळी अजून तुटतं. म्हणून मुलगा बटण दाबण्याआधी ओरडतो, ‘अज्जा, मायक्रोवेव्ह!’ आतून ‘हां’ येतं.

परवा तो ओरडायला विसरला. मी दारातून बघितलं. गाणं गेलं, बाबांचा हात मांडीवर चालूच होता, डोळे मिटलेले. सम पडली तशी त्यांनी मान हलवली. मग काठी घेऊन सावकाश स्वयंपाकघरात आले आणि नातवाला म्हणाले, ‘चार मात्रा गेल्या. आज दूध जास्त होतं काय रे?’