विहिरीतील वही

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी आठवणी पाठवाव्यात, असे पत्र आले, तेव्हा आमच्या तुकडीतील आम्ही पाच जणांनी एकत्र बसून ठरविले की, आपल्या एका चुकीविषयी लिहावे. त्या चुकीची हकिगत सर्वांना ठाऊक आहे; परंतु ती आमच्या तोंडून कुणी ऐकलेली नाही.

आमच्यापैकी एकाला नोकरीनिमित्त पुण्यास राहत असताना 'जिओकॅशिंग' या खेळाचा छंद जडला. मे २०००च्या प्रारंभी अमेरिकेने आपल्या उपग्रहांच्या नागरी संकेतांत हेतुपुरस्सर ठेवलेली चूक काढून टाकली आणि लगेच ३ मे रोजी ओरेगॉन राज्यातील डेव्ह उल्मर यांनी रानात एक बादली लपवून तिचे अक्षांश-रेखांश जाहीर केले. ज्याला ती सापडेल त्याने आतील वहीत नोंद करावी, हवी ती वस्तू घ्यावी आणि बदल्यात आपली एखादी ठेवावी, एवढाच त्या खेळाचा नियम. न दिलेले घेऊ नये, हे शील रोजच्या वंदनेत म्हणत वाढलेल्या आम्हां मुलांना तो नियम आपलासा वाटला.

असा एक डबा शाळेत ठेवावा, हे ठरले. बोधिवृक्षाचा पार, ग्रंथालयाची मागची भिंत अशा जागा सुचल्या. शेवटी आम्ही विहीर निवडली. ही विहीर १९७२च्या दुष्काळानंतर पालकांनी व पहिल्या तुकडीतील मोठ्या मुलांनी श्रमदानातून खोदलेली. आमच्या आजोबांना गावच्या विहिरीच्या काठावर ओंजळ पसरून उभे राहावे लागे. वरून कुणी पाणी वाढील तेव्हा घागर भरायची. जिथे पाण्याला स्पर्श नाही, तिथे पोहणे कुठले शिकणार? आम्ही पोहायला शिकलो ते या विहिरीत, पाठीला वाळका भोपळा बांधून.

पिण्यासाठी नळ आल्यापासून या विहिरीचे पाणी बागेला जाते, म्हणून मुख्याध्यापकांनी परवानगी दिली. रबरी कड्याच्या झाकणाचा पोलादी डबा आणला. पाण्यात सोडताच तो वर आला! डब्याने व्यापलेली जागा तीन लिटरची, म्हणजे पाणी त्याला तीन किलोच्या बळाने वर ढकलणार. ऐवजासह त्याचे वजन दीड किलोही भरत नव्हते. ज्या नियमाने भोपळ्याने आम्हांला तारले होते, तोच नियम आता आडवा आला. अखेर जाळीत चार किलो काळे दगड बांधून डबा खालच्या कपारीत बसविला आणि त्याची साखळी पायरीच्या कडीला अडकविली.

चूक झाली ती डब्यात काय ठेवावे, हे ठरविताना. पहिल्या तुकडीच्या २७ विद्यार्थ्यांनी शाळा सोडताना स्वाक्षऱ्या केलेली मूळ वही आम्ही कौतुकाने आत ठेवली. हिशेब उन्हाळ्यातील पाण्याचा केला होता. पावसाळ्यात पाणी चढले आणि डब्यावर पाच मीटर पाणी उभे राहिले. त्या खोलीवर दर चौरस सेंटिमीटरला अर्धा किलो भार येतो. म्हणजे १२ सेंटिमीटर व्यासाच्या झाकणावर सुमारे ५६ किलो. कड्यात वाळूचा एक कण अडकला होता. तेवढी फट पाण्याला पुरली.

हिवाळ्यात डबा उघडला, तेव्हा वहीचा लगदा झाला होता. शाईची नावे निळ्या डागांत विरून गेली होती. केवळ दोन नावे वाचता आली. ती शिसपेन्सिलीने लिहिलेली होती. शाई पाण्यात विरघळते, शिसे विरघळत नाही. ज्यांच्यापाशी त्या दिवशी शाईचे पेन नव्हते, त्यांचीच नावे उरली.

आमच्या मुख्याध्यापकांनी रागाचा एक शब्दही उच्चारला नाही. "पुन्हा लिहून आणा," एवढेच म्हणाले. ते रागावले असते तर बरे झाले असते. पुढचे वर्षभर आम्ही नागपूर, नांदेड, मुंबई अशी घरे शोधत हिंडलो. १९ जणांच्या स्वाक्षऱ्या पुन्हा मिळाल्या. पाच जणांचा पत्ता लागला नाही. तिघे आता हयात नाहीत. त्यांच्या नावांपुढील जागा आम्ही कोरी ठेवली आहे. नवी वही ग्रंथालयाच्या कपाटात आहे. विहिरीत आता कोरे कागद आणि पेन्सिल असते, कड्याला सिलिकॉनचे वंगण लावलेले असते.

हे करताना एक गोष्ट उमगली. उपग्रहाचा संकेत सुमारे वीस हजार किलोमीटरांवरून येतो. पाण्यात मात्र तो हातभरही शिरत नाही. भ्रमणध्वनी आपल्याला काठापर्यंत आणून सोडतो. पुढे स्वतः उतरावे लागते. सार्वजनिक पाणवठे सर्वांस खुले करणारा ठराव मुंबई कायदेमंडळाने १९२३ मध्ये केला, महाडच्या नगरपालिकेनेही चवदार तळे खुले असल्याचे जाहीर केले. तरी २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारो अनुयायांसह काठ उतरून ओंजळ भरीपर्यंत ते खुले नव्हते. न्यायालयातील लढा त्यानंतरही १९३७ पर्यंत चालला. कागद काठापर्यंतच येतो.

आता दरवर्षी २० मार्चला, क्रीडाशिक्षकांच्या देखरेखीखाली, पोहता येणारी मुले कमरेला दोर बांधून डबा वर काढतात. गेल्या वर्षी नववीतील एका मुलीने एका दमात तो आणला. तिने नाव लिहिले, आतील पितळी घुंगरू घेतले आणि बदल्यात आपल्या केसांची पिन ठेवली. तिची आजी काठावर बसून होती. तिने नातीचे निथळते केस पदराने पुसले, ओंजळभर पाणी हाती घेतले आणि थोडा वेळ तसेच धरून ठेवले.

ज्या पाच जणांचा पत्ता आम्हांला लागला नाही, त्यांच्यापर्यंत ही स्मरणिका पोहोचल्यास त्यांनी शाळेस अवश्य कळवावे. वहीतील त्यांच्या जागा राखून ठेवल्या आहेत. जयभीम.