पालीतला पंचनामा

कोल्हापूर सोडल्यापासून आंब्यास पोहोचेपर्यंतच्या दिवसाविषयी सांगण्यासारखे एवढेच की, उसाने लादलेल्या ट्रॉल्यांमागून सायकल हाकणे हा अत्यंत नीरस व्यवसाय असून तो मी सूर्यास्तापर्यंत इमानेइतबारे केला. प्रवासाला खरा आरंभ झाला तो दुसऱ्या दिवशी, घाट उतरून साखरपा आणि नाणीज मागे टाकल्यावर, कोल्हापूरचा रस्ता जेथे मुंबई-गोवा महामार्गाला येऊन मिळतो त्या पाली गावी. आणि तो झाला मागच्या चाकातील हवेमुळे, किंवा अधिक काटेकोर बोलायचे तर तिच्या अभावामुळे.

माझ्या सायकलीचे टायर ट्यूबलेस आहेत. आमच्याकडील सायकलस्वारांत या टायरांविषयीच्या श्रद्धेला हल्ली संप्रदायाचे स्वरूप आले असून, पंक्चरची कटकट नाही, कमी हवेवर रस्ता मऊ लागतो, हा त्यांचा नित्यपाठ मीही ऐकत आलो आहे. परंतु या पंथाचे अनुयायी दररोज प्रभातकाळी पंप घेऊन चाकापुढे वाकतात, या विधीचा उल्लेख ते सहसा करीत नाहीत. रबर कितीही घट्ट असले तरी हवेला सर्वस्वी अभेद्य नसते. त्यातून प्राणवायू नत्रवायूपेक्षा लवकर पाझरतो, आणि ब्यूटाइल रबराची ट्यूब जो बंदोबस्त एकटी ठेवते तो येथे टायरचे अंग, रिमवरील पट्टी, व्हॉल्व्हची बैठक व आत ओतलेला पांढरा द्रव अशा चौघांत वाटलेला असतो. मोटारीच्या टायरात हवेचा साठा मोठा आणि दाब तीस-पस्तीस पौंडांचा. सायकलीच्या सडपातळ टायरात साठा थोडा आणि दाब दुप्पट, त्यामुळे तेवढीच गळती येथे चटकन नजरेत भरते. दिवसाकाठी दोन-चार पौंड गेले तर ती मंजूर तूट समजावी.

माझी तूट मंजुरीपलीकडची होती. आंब्यास रात्री भरलेले ६५ पौंड पहाटे ४० वर आले होते. माघाच्या थंडीने हवा आकसते हे खरे, आणि रात्रीत दहा-बारा अंशांनी उतरलेल्या तपमानाच्या खात्यावर तीनेक पौंड मी खुशाल मांडले. उरलेल्यांचा हिशेब लागेना. घाटाखाली वातावरणच जड असते, म्हणून दोन हजार फूट उतरल्यावर काटा सुमारे एक पौंड कमी दाखवतो, हेही जमेस धरले. कोकणच्या उन्हाने तो उलट वर चढावयास हवा होता. पण पुन्हा ६५ भरून निघालेले चाक पालीस ५० वर आले.

महामार्गालगत ट्रकच्या टायरांचे एक दुकान होते, आणि पत्र्याचे पिंप आडवे कापून केलेल्या पाण्याच्या टाकीशेजारी एक वयस्क गृहस्थ बसले होते. माझी कैफियत त्यांनी पुरती ऐकली नाही. "रातभर हळूहळू जाते ना? मंग भोक न्हाय. भोक आसतं तर घाटातच बसला आसता," असा पूर्वनिर्णय देऊन त्यांनी चाक काढून घेतले, आणि जो पंचनामा चालवला तो एखाद्या कसलेल्या फौजदारालाही साधला नसता.

प्रथम व्हॉल्व्हच्या टोकावर थुंकी. ही परीक्षा ते ट्यूबच्या जुन्या सायकलींवर शिकले असावेत. कारण व्हॉल्व्हट्यूब नावाचे ते रबराचे नळकांडे कुजले की रात्रीत चाक बसे, हे त्यांनीच मला सांगितले. तेथे बुडबुडा नाही. मग चाक टाकीत. टायरच्या अंगावर घामासारखा बारीक फेस आला. ती गळती त्यांनी हात हलवून फेटाळून लावली. मग तारांच्या मुळाशी एके ठिकाणी टपोरे बुडबुडे दिसले, तेव्हा मी विजयी मुद्रेने बोट दाखवले. "थितं येतंय, पर थितनं जात न्हाय," ते म्हणाले. रिम आतून पोकळ. हवा एकदा पट्टीखाली शिरली की ती पोकळीभर हिंडते आणि जेथे भोक सापडेल तेथून बाहेर पडते, हे तत्त्व त्यांनी एका वाक्यात सांगितले होते.

व्हॉल्व्हची चकती त्यांनी आवळली. बुडबुडे कमी झाले, थांबले नाहीत. तेव्हा टायरची एक कड उतरवली. आतला द्रव हुंगून त्यांनी नाक मुरडले. "ह्यो कसला चीक?" रबराच्या झाडाचा, गोठू नये म्हणून अमोनिया घातलेला, भोकाशी हवेबरोबर धावून तेथे थिजणारा, पण उष्ण हवेत दोन-चार महिन्यांत सुकून जाणारा, असे मी सविस्तर निवेदन केले. "फणसाचा घालायचा की मंग!" फुटलेली भांडी त्यांच्या घरी फणसाच्या चिकाने सांधत असत. हा उपाय मी आजतागायत करून पाहिलेला नाही. परंतु सुकलेल्या रबरचिकाची एक गोळी त्यांनी व्हॉल्व्हच्या बैठकीखालून उकरून तळहातावर ठेवली, तेव्हा दोन्ही चिकांचा स्वभाव एकच याविषयी मला शंका उरली नाही. त्या गोळीमुळे बैठक एका बाजूने उचललेली, आणि तेथूनच हवा पट्टीखाली फरार.

जागा घासून, जुन्या ट्यूबचा वॉशर कातरून त्यांनी बैठकीखाली बसवला. खरी मौज पुढे. हातपंपाने ही कड रिमवर चढत नाही, तिला हवेचा एकदम लोंढा लागतो. त्यांनी कडांना साबणाचे पाणी लावले, व्हॉल्व्हचे आतले कोर काढायला लावले, माझ्याजवळचा पितळी ॲडॅप्टर पाहून "ह्यो दागिना बरा," असा शेरा मारला आणि ट्रकचा कॉम्प्रेसर सोडला. दोन बार उडाल्यासारखे आवाज झाले, कड बसली.

त्या वेळी मला डनलॉपची आठवण झाली. बेलफास्टच्या या घोड्यांच्या डॉक्टरने मुलाच्या तीनचाकीसाठी हवेचा टायर केला, १८८८ साली पेटंटही घेतले. पण थॉमसन नावाच्या गृहस्थाने १८४५ सालीच तीच कल्पना नोंदवून ठेवली होती, सबब डनलॉपचे पेटंट टिकले नाही. थॉमसनचा टायर मात्र बाजारात रुजला नाही. सायकलच तेव्हा प्रचारात नव्हती.

तासभर चाक टाकीजवळ ठेवण्याचा हुकूम झाला, म्हणून लक्ष्मीपल्लीनाथाचे दर्शन घेऊन आलो. काटा ६५ वर स्थिर होता. मजुरी त्यांनी मोटारसायकलच्या पंक्चरएवढीच घेतली, आणि द्रवाच्या नव्या बाटलीची किंमत विचारून ती ऐकल्यावर शेजारच्या चहावाल्याला मोठ्याने सांगितली.

दुसऱ्या दिवशी सकाळी रत्नागिरीत ६२. पुढे राजापूर, विजयदुर्ग, देवगड झाले. तेथे चाके बिनतक्रार चालली, त्यामुळे लिहिण्यासारखे काही घडले नाही.