कडुनिंबाखालची कामिनी

आमच्या मागच्या आवारात दोन जुने कडुनिंब, एक आंबा आणि साग. खाली ऊन कवडशांपुरतंच. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांच्या वर जातो. तिथे बारमाही हिरवं राहील, डोक्याच्या वर वाढेल आणि भरभरून फुलेल असं झुडूप मला हवं होतं. मी कामिनी लावली, कोणी तिला कुंतीही म्हणतं.

काळ्या मातीत पाणी साचलं की मुळं कुजतात, म्हणून खड्ड्यात मुरूम आणि शेणखत मिसळून रोप जरा उंचवट्यावर बसवलं. गर्द सावलीत ती जगते, पण फुलं कमी देते. त्यामुळे निंबाच्या खालच्या फांद्या छाटून सकाळचं ऊन आत घेतलं.

तिचं पाणी मात्र मामाजींनी सांभाळलं. माझे सासरे काटोलकडचे, जन्म संत्र्याच्या बागेत गेलेला. झुडूप अंगानं भरल्यावर एका एप्रिलअखेर ते म्हणाले, "आता पानी कमी कर. ताण बसू दे तिले, मंग पाह्य." संत्र्याचा मृग बहार शेतकरी असाच धरतो. उन्हाळ्यात पाणी तोडलं की झाडाची वाढ थांबते, आणि पाऊस पडताच नवतीबरोबर, म्हणजे कोवळ्या पालवीबरोबर, फुलं येतात. कामिनी संत्र्याच्याच कुळातली. पान उजेडात धरा, तेलाचे बारीक ठिपके दिसतील.

मृगाच्या सरी झाल्या आणि थोड्याच दिवसांत अख्खं झुडूप पांढरं झालं. रात्री वास माजघरापर्यंत यायचा. फुलं फार टिकत नाहीत, सडा पडतो. पण पुढे लाल फळं धरतात आणि बुलबुल येतात. इतका आनंद मला दुसऱ्या कुठल्या झाडानं दिलेला नाही.

तरी काटोलच्या शेतावर रोप न्यायला मामाजींनी साफ नकार दिला. त्यांचं बरोबर होतं. सिट्रस सायला ही कीड कामिनीच्या कोवळ्या नवतीवर अंडी घालते आणि तीच संत्र्याच्या झाडांत ग्रीनिंग रोग पसरवते. रोग एकदा शिरला की झाड बरं होत नाही.

म्हणून शहरात मोठ्या झाडांखाली जागा असेल तर कामिनी जरूर लावा. आवारात लिंबू असेल तर तिची नवती तपासत राहा. आणि काटोल, नरखेड, वरूड भागात तुमची संत्र्याची बाग असेल, तर कुंपणाला कामिनी अजिबात लावू नका.