हौदावरची मोटर आणि घरची मशीन



आज पिकाचं काही नाही. आज कपडे धुवायच्या मशीनवर लिहितोय. हसू नका, शेवटपर्यंत वाचा.

आमच्याकडं सेमी ऑटोमॅटिक मशीन आहे. डाव्या बाजूला धुवायचं, उजव्या बाजूला पिळायचं. आठ वर्षं झाली घेऊन. गेल्या महिन्यात पावसाची झड लागली आणि नेमकी पिळायची बाजू बंद पडली. धुवायची बाजू चालू, पण स्पिनचं बटण फिरवलं की नुसता 'हूंऽऽ' आवाज. ड्रम जागचा हलत नव्हता.

सौ.नं त्याच दिवशी सांगितलं होतं, "अहो, मशीन पिळत नाही, बघा जरा." मी म्हटलं, बघतो. भांगलणीला बायका लावल्या होत्या, युरिया टाकायचा होता. बघतो बघतो म्हणत अकरा दिवस गेले. मधे एका मिस्त्रीला फोन केला. त्यानं न बघताच सांगितलं, "मोटर गेली असणार, दोन हजार धरून चाला. सवडीनं येतो." पोरगा पुण्याला असतो, तो म्हणाला, "पप्पा, जुनी टाकून द्या, हप्त्यावर नवी घेऊ."

बाराव्या दिवशी सकाळी चुलीपुढं बसलो होतो. सौ. भाकरी थापत होती. दोन थापा मारायची आणि उजवा हात झटकायची. गेल्या साली गोठ्यात पाय घसरून तिचं मनगट मोडलं होतं, दीड महिना प्लास्टर होतं. विचारलं, "हात दुखतोय का गं?" म्हणाली, "चादरी पिळून पिळून दुखतोय. पावसात वाळत नाहीत, मग जास्तच पिळाव्या लागतात."

काय बोलणार? हौदावरची आमची एक एचपीची मोटर मे महिन्यात अशीच 'हूंऽऽ' करत बसली होती. जनावरांचं पाणी अडलं म्हणून रात्री अकराला बॅटरी घेऊन गेलो आणि कपॅसिटर बदलून पाणी चालू करूनच जेवलो. म्हशीच्या पाण्यासाठी रात्री अकराला उठलो आणि घरातल्या माणसाच्या हातासाठी अकरा दिवस हललो नाही. खरं ते लिहितोय.

त्याच दिवशी कामाला लागलो. पहिल्यांदा प्लग काढला. झाकण उघडून ड्रम हातानं फिरवून बघितला, तर घट्ट! मनात म्हटलं, सापडलं, जाम झालाय. भावकीतला एक पोरगा आयटीआय करून वायरमन झालाय, त्याला बोलावलं. तो आला आणि हसायलाच लागला. "तात्या, झाकण उघडं असलं की ब्रेक लागलेलाच असतो. ड्रम फिरंल कसा?"

तेव्हा मागचं पत्र्याचं झाकण काढून त्यानं सगळं दाखवलं. तुमच्याही कामाला येईल म्हणून क्रमानं सांगतो.

१. अजिबात आवाज नसेल तर आधी वरच्या झाकणाचा स्विच बघा. झाकण नीट बसलं नाही की स्पिनच्या मोटरीला करंटच जात नाही. त्यानंतर टायमर आणि वायरी. पावसाळ्यात उंदीर मागनं शिरून वायर कुरतडतात.

२. आवाज येतो पण फिरत नाही, तर ब्रेक बघा. झाकण लावलं की एक तार ताणते आणि ब्रेक सुटतो. तार ढिली झाली किंवा तुटली तर ब्रेक लागलेलाच राहतो. प्लग काढलेला ठेवून, वरचं झाकण लावून, मागनं मोटरीवरची ब्रेकची चकती हातानं फिरवा. फिरली नाही तर ब्रेक, नाहीतर ड्रमच्या खाली गेलेला मोजा, रुमाल.

३. चकती मोकळी फिरते आणि तरी मोटर नुसती गुणगुणते, तर पहिला संशय कपॅसिटरवर घ्या. आपल्या सिंगल फेज मोटरीचं दुखणं तेच.

आमची चकती सुरसुर फिरली. पोरानं कपॅसिटर काढला, तर तो फुगलेला. वर ५ एमएफडी लिहिलं होतं. हौदाच्या मोटरीचा एक जादा माझ्या पेटीत होता, पण तो चालत नाही. जेवढा एमएफडी लिहिलाय तेवढाच आणायचा आणि व्होल्ट कमीचा घ्यायचा नाही. काही मशीनमध्ये दोन्ही मोटरींचा कपॅसिटर एकाच डबीत असतो, म्हणून जुना सोबत घेऊनच दुकानात जा. मला नव्वद रुपयाला मिळाला.

दोन गोष्टी ध्यानात ठेवा. प्लग काढला तरी कपॅसिटरमध्ये करंट साठलेला असतो, त्याची टोकं हातानं धरायची नाहीत. माहीतगार माणूस जवळ नसेल तर मागचं झाकण उघडूच नका. आणि मोटर गुणगुणत असताना 'फिरंल फिरंल' म्हणून चालू ठेवू नका, तिचं वाइंडिंग जळतं. मग दोन हजार खरंच लागतात.

नवा बसवला, झाकण लावलं, बटण फिरवलं. ड्रमनं अशी गती घेतली की मशीनच थरथरायला लागली. सौ. स्वयंपाकघरातनं बाहेर आली, पीठ लागलेल्या हातानंच. काही बोलली नाही. बादलीतल्या दोन चादरी आणून आत टाकल्या, वरची जाळीची चकती दाबून बसवली आणि परत भाकरीकडं गेली.

परवा तालुक्याला गेलो तेव्हा मशीनचा अजून एक कपॅसिटर आणून पेटीत ठेवला, हौदाच्या मोटरीच्या शेजारी. सौ.नं बघितलं. म्हणाली, "बरं झालं, आमची मशीन पण शेतीच्या सामानात धरली म्हणायची."

हात अजून थोडा दुखतोय तिचा. उद्या दवाखान्यात नेऊन आणतो. युरिया परवा टाकला तरी चालंल.