शिशाची मोजपट्टी

नाशिकचा द्वारका चौक ज्यांनी पाहिला आहे, त्यांना तेथील गर्दीचे वर्णन करून सांगण्याची आवश्यकता नाही. मुंबई-आग्रा महामार्ग आणि पुण्याकडे जाणारा रस्ता येथे एकमेकांस मिळतात. हंगामात ओझर-पिंपळगावकडील द्राक्षांची वाहने येथून जातात, आणि फेब्रुवारीत बाळ येशूच्या यात्रेला निघालेले भाविक येथूनच नाशिकरोडकडे वळतात. या परिसरात राहणाऱ्यास एक गोष्ट कोणी न शिकवताच कळते. नियम हवाच, परंतु नुसता नियम पुरत नाही. सर्वांना सारखेच थांबवणारा लाल दिवा न्यायी असतो. पण रुग्णवाहिकेचा भोंगा ऐकताच हात उंचावून इतरांना रोखणारा हवालदार त्या दिव्याहून अधिक न्यायी असतो.

सुमारे तेवीसशे वर्षांपूर्वी ग्रीक तत्त्वज्ञ अॅरिस्टॉटल याने हाच विचार आपल्या 'निकोमाखीय नीतिशास्त्र' या ग्रंथाच्या पाचव्या भागात मांडला. कायदा सर्वसामान्यांसाठी केलेला असतो. प्रत्यक्ष जीवनातील प्रसंग मात्र प्रत्येक वेळी निराळा असतो. म्हणून जेथे कायद्याचा शब्द तोकडा पडतो, तेथे कायदा करणाऱ्याने स्वतः उपस्थित राहून जे केले असते, ते करणे म्हणजे खरा न्याय, असे तो म्हणतो. यासाठी त्याने गवंड्यांचा दृष्टांत दिला आहे. लेस्बॉस बेटावरील गवंडी शिशाची मोजपट्टी वापरीत. लोखंडी पट्टी ताठ राहते आणि दगडालाच दोष देते. शिशाची पट्टी दगडाच्या आकाराप्रमाणे वाकते आणि तरीही माप अचूक सांगते.

ही जुनी मोजपट्टी आज आठवण्याचे कारण असे की, आपल्या शेताच्या बांधावर एक नवी मोजपट्टी येऊन पोहोचली आहे. तिचे नाव कृत्रिम बुद्धिमत्ता. बारामतीच्या कृषी विकास ट्रस्टने उसाच्या शेतीत तिचा प्रयोग केला. जून २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने 'महाअॅग्री-एआय धोरण २०२५-२०२९' मंजूर केले आणि पहिल्या तीन वर्षांसाठी ५०० कोटी रुपयांची तरतूद ठरवली. नाशिक जिल्ह्यातील अनेक द्राक्षबागांत आज लहानसे यंत्र खांबावर उभे दिसते. हवेतील दमटपणा, तापमान, मातीतील ओल आणि पाने किती वेळ ओली राहिली याची नोंद ते घेते. त्यावरून डाऊनी किंवा भुरी येण्याचा संभव किती, पाणी आज द्यावे की उद्या, हे शेतकऱ्याला मोबाईलवर कळते.

याचा उपयोग खरा आहे, हे प्रथम मान्य केले पाहिजे. केवळ भीतीपोटी होणारी औषधांची फवारणी टळली, तर पैसा वाचतो, माती वाचते आणि फवारणाऱ्या मजुराची छातीही वाचते. औषधांचे अवशेष मर्यादेबाहेर आढळल्यामुळे २०१० साली आपली द्राक्षे युरोपात नाकारली गेली, ती आठवण बागाईतदार अजून विसरलेले नाहीत. टिकाऊ व्यवसाय म्हणजे काय, हे त्या वर्षाने शिकवले. विवेकाने वापरलेले यंत्र या कामी साहाय्यक आहे.

पण पानावरील ओल मोजणारी बुद्धी माणसाची पत मोजू लागते, तेव्हा काय होते? याचा अनुभव मी जवळून पाहिला. आमच्या ओळखीच्या एक भगिनी दिंडोरी तालुक्यात दीड एकर द्राक्षबाग सांभाळतात. त्यांचे यजमान काही वर्षांपूर्वी वारले. ऑक्टोबर छाटणीपूर्वी खते व औषधांसाठी त्यांनी मोबाईलवरून एका वित्तसंस्थेकडे कर्ज मागितले. काही क्षणांतच इंग्रजीत संदेश आला. तो वाचून घेण्यासाठी त्या द्वारकेला उतरून माझ्या घरी आल्या. अर्ज नामंजूर झाला होता. मी संस्थेला फोन लावला. पलीकडील मुलगी नम्र होती.

"सर, सिस्टीमने अर्ज नाकारला आहे."

"कारण काय?"

"ते आम्हांला दिसत नाही, सर."

कागदपत्रे समोर मांडली, तेव्हा थोडा अंदाज आला. सातबारा सासऱ्यांच्या नावावर, द्राक्षांचे पैसे आजवर दिराच्या खात्यात जमा झालेले, आणि या बाईंच्या नावावर शेतीचा एकही व्यवहार नाही. हिशेबाच्या दृष्टीने त्या शेतकरी नव्हत्याच. त्या एवढेच म्हणाल्या, "गुरुजी, पाणी मी देते, छाटणीला माणसं मी लावते. मग मी शेतकरी नाही तर कोण?"

त्या प्रश्नाचे उत्तर त्या यंत्रापाशी नव्हते, कारण तो प्रश्न त्याला विचारण्याची सोयच नव्हती. मला अधिक खटकला तो 'सिस्टीम' हा शब्द. नकार दिला गेला होता. पण 'मी नकार दिला' असे म्हणणारा कोणीही नव्हता. पुढे गावच्या पतसंस्थेचे सचिव स्वतः बागेत गेले, काड्या पाहिल्या, व्यापाऱ्याकडे चौकशी केली आणि अर्जाच्या कडेला शेरा लिहून खाली सही केली. मागितल्यापेक्षा रक्कम कमी मिळाली, परंतु छाटणी हुकली नाही. त्या सहीचे मोल मला फार वाटते. रक्कम बुडाली असती, तर जाब कोणाला विचारायचा हे त्या सहीने सांगितले असते.

येथे संत थॉमस अक्वायनस यांची शिकवण उपयोगी पडते. अॅरिस्टॉटलचा विचार त्यांनी ख्रिस्ती चिंतनात आणला. विवेक या सद्‌गुणाची तीन कार्ये त्यांनी सांगितली आहेत : प्रथम सर्व बाजूंनी सल्ला व चौकशी करणे, मग निवाडा करणे, आणि शेवटी तो निवाडा कृतीत आणण्याची आज्ञा देणे. यांतील तिसरे कार्य त्यांनी प्रमुख मानले आहे. यंत्र पहिल्या कार्यात आपल्यापेक्षा तरबेज आहे. हजार बागांची आठवण ते ठेवते. दुसऱ्या कार्यातही ते मदत करू शकेल. परंतु आज्ञा देणारा तो आज्ञेचा भार वाहणाराही असतो, आणि यंत्राला भार वाहता येत नाही. ते पश्चात्ताप करू शकत नाही, की त्या बाईंच्या डोळ्यांना डोळा देऊ शकत नाही.

यावर कोणी म्हणेल, माणसे तरी कोठे निर्मळ असतात? हा आक्षेप रास्त आहे. जात पाहून, आडनाव पाहून, पायातील वहाण पाहून कर्ज नाकारणारे अधिकारी आपल्या वाडवडिलांनी पाहिले आहेत. यंत्र चेहरा पाहत नाही, हे खरे. पण ते शिकते ते जुन्या वह्यांवरूनच. ज्यांना पूर्वी कोणी कर्ज दिले नाही, त्यांची नोंद त्या वह्यांत नसते. आणि ज्याची नोंद नाही, तो यंत्राला दिसत नाही.

खुद्द अॅरिस्टॉटलही या दोषातून सुटला नाही. 'राज्यशास्त्र' या ग्रंथात तो अशी कल्पना करतो की, धोटा आपोआप विणू लागला, तर मालकांना गुलामांची गरज उरणार नाही. आमच्या येवल्याच्या पैठणीच्या मागावरील कारागिराला हा दृष्टांत तत्काळ समजेल. इतका दूरचा विचार करणाऱ्या या माणसाने गुलामाला मात्र 'सजीव हत्यार' मानले. त्याच्या न्यायाच्या हिशेबात तो माणूस धरलाच गेला नव्हता. मोजपट्टी कितीही उत्तम असली, तरी कोणाला मोजायचे आणि कोणाला वगळायचे हे आधी ठरलेले असते. म्हणून अॅरिस्टॉटलपासून शिकताना त्याच्या चुकीपासूनही शिकले पाहिजे.

द्राक्षमळ्यातील मजुरांचा दृष्टांत आपण सर्वांनी ऐकला आहे. दिवसभर राबलेल्यांना आणि शेवटच्या तासाला आलेल्यांना मालकाने सारखीच मजुरी दिली. तासांच्या हिशेबाने पहिल्या मजुरांची कुरकुर अगदी बिनचूक होती. परंतु मालकाने केवळ तास मोजले नाहीत. दिवस कलेपर्यंत कोणीही कामाला न लावलेला माणूस त्याने पाहिला, त्याला तसे का उभा आहेस म्हणून विचारले आणि त्याचे उत्तर ऐकून घेतले. विचारणे आणि ऐकणे, हाच त्या मळ्यातील न्यायाचा आरंभ होता.

ख्रिस्तसभेने या विषयाकडे उशिरा लक्ष दिले असे म्हणता येणार नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये रोम येथे मानवी जीवनविषयक परमधर्मपीठीय अकादमीने पुढाकार घेऊन एक नैतिक आवाहन प्रसिद्ध केले. त्यावर मायक्रोसॉफ्ट व आयबीएम या कंपन्यांबरोबर संयुक्त राष्ट्रसंघाच्या अन्न व कृषी संघटनेचीही सही आहे. २८ जानेवारी २०२५ रोजी, संत थॉमस अक्वायनस यांच्या सणाच्या दिवशी, 'अँटिक्वा एत नोव्हा' हे टिपण निघाले. यंत्राच्या साहाय्याने घेतलेल्या निर्णयाचे उत्तरदायित्व माणसाकडेच राहते, हे त्यात स्पष्ट केले आहे. तसेच ही यंत्रणा स्वतः किती वीज आणि पाणी पिते याकडेही लक्ष वेधले आहे. बागेत वाचवलेले पाणी जमेला धरायचे, तर संगणकगृहात खर्च झालेले पाणीही नावे टाकले पाहिजे. त्याच वर्षी मे महिन्यात निवडून आलेल्या पोप चौदावे लिओ यांनी आपले नाव निवडताना, कारखान्यांच्या युगात १८९१ साली श्रमिकांचा कैवार घेणाऱ्या तेराव्या लिओंचे स्मरण केले आणि आजच्या या नव्या क्रांतीचा उल्लेख केला.

आपल्यापैकी कित्येकांची मुले-मुली आज बँकांत, विमा कंपन्यांत, माल निर्यात करणाऱ्या संस्थांत आणि संगणकक्षेत्रात नोकरी करीत आहेत. ही यंत्रे उभारणारे आणि वापरणारे हात आपल्याच घरांतील आहेत. त्यांनी आपल्या कार्यालयात तीन साधे प्रश्न विचारावेत. या हिशेबात कोण धरलेले नाही? नकार मिळालेल्याला त्याच्या भाषेत कारण कळेल काय? आणि त्याने दाद मागितली, तर प्रत्यक्ष जाऊन पाहणारा आणि खाली सही करणारा माणूस कोण? या प्रश्नांसाठी तत्त्वज्ञानाची पदवी लागत नाही. थोडे धैर्य मात्र लागते, कारण यांची उत्तरे देण्यास वेळ आणि पैसा खर्च होतो.

तो खर्च वायफळ नाही. माती खारावली तर बाग जाते, तसेच लहान शेतकरी एकेक करून हिशेबाबाहेर गेले तर गाव जाते, आणि गावावाचून कोणता व्यवसाय टिकणार? लोखंडी पट्टीने भिंत लवकर उठते खरी. पण वेड्यावाकड्या म्हणून बाजूला टाकलेल्या दगडांचाही ढीग वाढत जातो. आपल्या मुलांच्या हाती शिशाची पट्टी द्यावी, आणि दगड उचलून पाहण्याची सवयही.