अक्काचा रिपोर्ट

4 मार्च 2025, मंगळवार

संध्याकाळी पुण्यातल्या नारायण पेठेत अक्काकडे गेलो. दार उघडताच रिपोर्ट हातात. "बघ, कोलेस्टेरॉल आलं की नाही खाली? तूप सोडलं त्याचं फळ."

एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, 92. आकडा चांगलाच. पण त्याच पानावर क्रिएटिनीन 1.6 ठळक अक्षरांत छापलेलं, त्याबद्दल ती एक अवाक्षर बोलली नाही. वय 66, त्या हिशेबानं ईजीएफआर, म्हणजे किडनीचा गाळण्याचा वेग, 35 च्या आसपास येतो. म्हणजे किडनीचा आजार तिसऱ्या टप्प्याच्याही पुढच्या अर्ध्यात गेलाय. आणि साखर वीसेक वर्षांची.

लघवीतल्या अल्ब्युमिनची तपासणी त्या पॅकेजमध्ये नव्हतीच. थायरॉइड आहे, व्हिटॅमिन डी आहे. मधुमेह असलेल्या बाईच्या किडनीची खबर सगळ्यात आधी जी तपासणी देते, तीच नेमकी नाही. फार राग आला. गुरुवारची अपॉइंटमेंट घेतली.

6 मार्च, गुरुवार

नेफ्रॉलॉजिस्ट शांतपणे बोलणारे. लघवीत एक ग्रॅम क्रिएटिनीनमागे अल्ब्युमिन 30 मिलिग्रॅमच्या आत असावं, अक्काचं 420. त्यांनी विचारलं, "आजी, लघवीला फेस येतो?"

"येतो. पण मला वाटलं, भांडं धुवायच्या लिक्विडचा असेल."

किती महिने, विचारायचं धाडस झालं नाही. मग तिनंच प्रश्न टाकला, "पण डॉक्टर, कोलेस्टेरॉल नॉर्मल आहे ना? मग किडनी का बिघडावी?"

डॉक्टर म्हणाले, "कोलेस्टेरॉलची गोळी तुमच्या हृदयासाठी. किडनीसाठी बीपी, साखर आणि ही गळणारी प्रथिनं." बीपीची टेल्मिसार्टन वाढवली, कोलेस्टेरॉलची अॅटोरव्हास्टॅटिन होती तशी चालू ठेवली. किडनी जपायला एम्पाग्लिफ्लोझिनही लिहून दिली. दुकानात एका गोळीचे साठ रुपयांच्या आसपास सांगितले. अक्कानं चिठ्ठी घडी करून पर्समध्ये टाकली. "बघू पुढच्या महिन्यात."

9 मार्च, रविवार

दिवसभर वाचत बसलो. अक्काचा समज काही वेडगळ नाही. 1982 साली मूरहेड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'लॅन्सेट'मध्ये हाच तर्क मांडला होता: किडनीतून प्रथिनं गळू लागली की यकृत ती भरून काढायला जास्त काम करतं, त्यासोबत रक्तातली चरबी वाढते, आणि तीच चरबी पुढे किडनीच्या गाळण्यांना इजा करते. नेफ्रॉटिक सिंड्रोममध्ये कोलेस्टेरॉल भडकतं ते याच साखळीतून. मग चरबी उतरवली की किडनी वाचेल, असं कुणालाही वाटावं.

ते तपासलं 'शार्प' नावाच्या चाचणीनं, 2011 मध्ये. किडनीचे 9,270 रुग्ण. निम्म्यांना सिम्व्हास्टॅटिन आणि एझेटिमाइब, निम्म्यांना नुसती दिसायला तशीच गोळी. जवळजवळ पाच वर्षांनी हार्ट अटॅक, पक्षाघात यांसारख्या घटना 17 टक्क्यांनी कमी. आणि डायलिसिस सुरू नसलेल्यांमध्ये किडनी पूर्ण निकामी झालेले? औषधवाल्यांत 33.9 टक्के, दुसऱ्या गटात 34.6. म्हणजे फरक नाहीच.

तरी गोळी सोडायची नाही. किडनीचे बरेच रुग्ण डायलिसिसपर्यंत पोचतच नाहीत, त्याआधी हृदय दगा देतं. म्हणून तर केडीआयजीओ या किडनीतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या 2013 च्या मार्गदर्शक सूचना पन्नाशीपुढच्या अशा रुग्णांना स्टॅटिन द्या म्हणतात, एलडीएल कितीही असो.

13 मार्च, गुरुवार

आज होळी आणि जागतिक किडनी दिनही. अक्काकडे जेवायला. पुरणपोळीवर तूप नाही म्हणजे नाहीच. पण कटाची आमटी दोनदा, शेजारी कुरडया, पापड, लिंबाचं लोणचं. मीठ हे तिच्या लेखी पथ्यात येतच नाही. बीपीला ते वाढवतं, आणि प्रथिनांची गळती रोखणाऱ्या टेल्मिसार्टनचा जोरही कमी करतं. वहिनीनं हळूच लोणच्याची बरणी उचलून नेली. अक्काला दिसलं, पण ती बोलली नाही.

16 मार्च, रविवार

अक्का सडपातळ. "मला कसलं कोलेस्टेरॉल, कसली साखर" हे तिचं जुनं पालुपद. पण ट्रायग्लिसराइड 238, एचडीएल, म्हणजे चांगलं कोलेस्टेरॉल, 36. किडनीच्या आजारात चरबी बिघडते ती बहुधा अशीच. एलडीएल साधारण राहतं आणि त्याकडे बघून माणसं निर्धास्त होतात.

सडपातळ माणसालाही साखर का, हे कोडं आपल्या पुण्यातच उलगडलंय. रास्ता पेठेतल्या केईएमचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचा शेजारीशेजारी उभं राहून काढलेला फोटो 2004 मध्ये 'लॅन्सेट'नं छापला. दोघांचाही बीएमआय 22.3. शरीरातली चरबी मात्र याज्ञिकांची 21.2 टक्के, युडकिनांची 9.1. पुण्याजवळच्या सहा गावांत 1993 पासून याज्ञिकांच्या गटानं गरोदर बायांचा अभ्यास केला. तिथली बाळं सरासरी 2.7 किलोची, अंगानं बारीक, तरी चरबी राखून असलेली. किडनीतज्ज्ञ ब्रेनरनं 1988 मध्ये मांडलं होतं की कमी वजनाच्या बाळाला किडनीतल्या गाळण्याही कमी मिळतात. अक्का दुष्काळी गावातली, आईच्या अर्धपोटी दिवसांतली. तिच्या वजनाची नोंद कुठे असणार? पण मला हे वाचून तिची फार माया आली. सगळा दोष तुपाला देऊन तिनं स्वतःला किती बोल लावलाय.

20 मार्च, गुरुवार

चांगली बातमी. एम्पाग्लिफ्लोझिनचं भारतातलं पेटंट 11 तारखेला संपलं. दुकानदारानं नवी पाकिटं काढून दाखवली. एक गोळी दहाच्या आत. 'एम्पा-किडनी' चाचणीत 6,609 रुग्णांमध्ये याच औषधानं किडनी ढासळणं किंवा हृदयविकारानं मृत्यू, यांचा धोका 28 टक्क्यांनी कमी केला होता. स्टॅटिनकडून जी आशा होती, ती इथे पुरी होते. भाव उतरणं म्हणजे काय असतं, ते मी अक्काच्या पर्समधून चिठ्ठी बाहेर येताना पाहिलं.

उलट्या-जुलाब झाले किंवा कडक उपास असला की त्या दिवशी ही गोळी घ्यायची नाही, असं डॉक्टरांनी फोनवर बजावलं. संकष्टीचा विषय निघाला. "मग त्या दिवशी भगर खाईन," ती म्हणाली.

5 एप्रिल, शनिवार

क्रिएटिनीन 1.6 चं 1.75. अक्काचा सकाळीच फोन: "अरे, गोळीनं किडनी आणखी बिघडवली. आजपासून बंद."

लगेच गेलो. एम्पाग्लिफ्लोझिन आणि टेल्मिसार्टन, दोन्ही गोळ्या किडनीच्या गाळण्यांतला दाब उतरवतात, म्हणून सुरुवातीला आकडा थोडा चढतो. पुढे तोच दाब कमी राहिल्यानं किडनी टिकते. क्रिएटिनीन तीस टक्क्यांपर्यंत वाढलं आणि पोटॅशियम ठीक असलं, तर सहसा गोळी बंद करत नाहीत. अक्काचं पोटॅशियम 4.6. डॉक्टरांनीही फोनवर हेच सांगितलं. अनेक घरांत ही गोळी याच टप्प्यावर सुटत असणार, या विचारानं जीव कासावीस होतो.

तिनं ऐकलं. मग म्हणाली, "जूनमध्ये ती लघवीची तपासणी पुन्हा करू. कोलेस्टेरॉलची नंतर बघू." कॅलेंडरवर तारीख तिनंच लिहिली, सकाळची पहिली लघवी न्यायची हेही खाली लिहून ठेवलं.